झुंबरआबांचे परतीचे थांबे

"मोबाइल आहे की!" हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं, की आणखी एकदा कोणी म्हणालं असतं तर मी चावलेच असते.

एम. जी. रोडवरचा दुकानदार कुंदनही तेच म्हणाला. "लॅपटॉपला जीपीएस कोण लावतं ताई? मोबाइलवर फुकट मिळतं."

मी त्याला म्हटलं, "यांच्याकडे बघा जरा."

आबा काउंटरला हात टेकून, मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला शोधत होते. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत. समोरचं विरत चाललंय, कडेचं तेवढं उरलंय. पावसाळ्यापर्यंत तेही राहील असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोबाइलची चिमुकली अक्षरं त्यांना काय दिसणार, कपाळ? माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र काळ्यावर पिवळी, बोटभर अक्षरं केली की ते वाचत होते.

आणि त्यांना हवं काय होतं? रस्ता. माझ्या बापाने, झुंबर ड्रायव्हरने, एकतीस वर्षं सुरगाणा ते वणी काळी-पिवळी जीप चालवली. "डोळे जायच्या आत मला माझे थांबे उतरवून दे, संजना. नंतर गाडीत बसलो तर कुठं आलो ते कळाया पायजे," एवढंच मागणं. आई गेल्यापासून या माणसाने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. मग मी हट्टाला पेटले.

कुंदनने तीन सॉफ्टवेअर दाखवली. पहिलं देखणं, पण इंटरनेटशिवाय ठप्प, आणि वणी सोडली की रेंजच्या नावाने बोंब. दुसऱ्यात नकाशा आधीच भरून ठेवता येत होता, पण त्यातली बाई वाटेतल्या बोरगावचा असा काही उच्चार करायची की आबा म्हणाले, "ही कुठल्या गावची?" तिसरं दिसायला अगदीच ओबडधोबड. मात्र नकाशा डिस्कवर राहणार, आपले थांबे आपण टाकायचे, बटण दाबलं की आपला नुकताच बोललेला आवाजही तिथे साठवायचा, आणि गाडी परत त्या जागी पोचली की लॅपटॉप तो ऐकवणार.

"हेच!" मी म्हणाले.

रिसीव्हरही दोन होते. एक नखाएवढा, थेट लॅपटॉपला खोचायचा. दुसरा पेढ्याएवढा, खाली लोहचुंबक, मागे लांब वायर. जीपचं छत पत्र्याचं, आत बसून आभाळ कसं सापडणार? पेढा घेतला. दुकानाच्या स्लॅबखाली तोही गप्पच राहिला, म्हणून आम्ही बाहेर आलो. माझ्या स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप उघडला, पेढा आरशावर चिकटवला. पाच मिनिटं काहीच नाही. मग पडद्यावर एकेक उपग्रह उगवायला लागला. तीन, पाच, आठ.

"ते वरून आपल्याला बघतात?" आबांनी विचारलं.

"नाही काका," कुंदन म्हणाला, "ते नुसतं बोलतात. हे ऐकतं."

भर दुपारी, हॉर्नच्या गोंगाटात, आबा तोंड वर करून उभे राहिले. जणू त्यांनाही ऐकू येत होतं. चांगला वेळ उभे राहिले, आणि मला का कोण जाणे, घाई करावीशी वाटली नाही.

आबांची जीप आता सोमनाथकाका चालवतात. रविवारी आम्ही सुरगाण्याला गेलो. "परतीचंच घे," आबा म्हणाले. "जाताना नुसती गाडी भरायची घाई. रस्ता कळतो तो येताना." पुढच्या सीटवर काका, मधे मांडीवर लॅपटॉप घेऊन मी, दाराशी आबा. संध्याकाळचं धुकं दरीतून वर येत होतं, नागलीची रिकामी शेतं त्यात बुडत होती. आबा डोळे मिटून एकेक नाव घेत होते. तुटका पूल. गोजराबाईचा ओटा. दोन आंबे. माझं डोकं स्क्रीनमध्ये, बोट बटणावर. गाडी चाललीय की नावंच एकामागून एक वाहतायत, ते कळेना. मधेच ते हळूच म्हणाले, "सुलाबाई." माझी आई. तिथल्या उपकेंद्रात ती नर्स होती. शेवटच्या फेरीला ती रस्त्यावर उभी असायची आणि आबा तिला घरी घेऊन यायचे. मी बटण दाबलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन उपग्रहातून काढलेला नकाशा उघडला आणि माझा पाराच चढला. तपासली ती एकही खूण जागेवर नव्हती! आंबे इथे, खूण दोनशे मीटर अलीकडे. पूल इथे, खूण तिकडे मोकळ्या रानात.

"आबा, दिसत नव्हतं तर सांगायचं ना! सगळं चुकलंय!"

आबा ताट तसंच सारून उठले. मला भीती वाटत होती ती हीच, की आपण उशीर केला, डोळ्यांच्या आधी रस्ताच गेला. पण भीती वाटली की मी ओरडते, ही माझी जुनी खोड.

पुढच्या रविवारी तरीही परत नेलं. म्हटलं, खुणा पुसू, पुन्हा टाकू. या वेळी मान वर ठेवली.

लॅपटॉपमधून आबांचा आवाज आला, "दोन आंबे!" बाहेर काहीच नव्हतं, नुसतं धुकं. पण काकांचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून निघाला. मागे एक म्हातारी जागी झाली, नातवाला हलवलं, सीटखालचं गाठोडं ओढलं, पदराची गाठ सोडून भाडं काढलं. आणि गाडी थांबली तेव्हा दारासमोर दोन आंबे उभे होते.

अगं बाई! एकतीस वर्षं हा माणूस थांबा यायच्या आधी हाक देत आला होता.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"दारात आल्यावर सांगून काय उपयोग, पोरी? माणसाला आवरायला येळ लागतो." मग म्हणाले, "आता मला बी लागंल. राहू दे तसंच."

पुढे पूल, ओटा, सगळं तसंच आलं. आधी हाक, मग जागा. धुकं दाट झालं, मागची माणसं पेंगली.

"सुलाबाई," लॅपटॉप म्हणाला.

मी वाट बघत बसले नाही, कारण वाट बघावीच लागली नाही. काचेच्या अगदी बाजूला उपकेंद्राच्या वाटेचा पांढरा दगड होता. दोनशे मीटर नाही, दोन हातही नाही.

"आबा, ही हाक आधी नाही दिलीत?"

"ती कुठं उतरणार होती? ती उभी असायची. दिसली की मी बोलायचो."

"पण त्या रविवारी तर तुमचे डोळे मिटलेले होते. दगड तरी कसा दिसला?"

"दगड कोण बघतंय?" आबा म्हणाले. "ती दिसली."

सोमनाथकाकांनी गाडी उभी केली होती. चढायला कोणी नव्हतं, पण मागून कोणी का म्हणून विचारलं नाही. आबांनी चाचपत दार उघडलं आणि माझ्याकडे सरकले. दाराशी एका माणसाची जागा झाली. मी लॅपटॉप छातीशी धरला आणि काकांच्या बाजूला आणखी थोडी सरकले.