खेजडासरच्या गढीतला खल

मी खल बोलतोय. मसाला कुटायचा नव्हे हं! मारवाडातल्या खेजडासरच्या गढीत माझ्यात अफू घोटली जायची, तीही नशेपेक्षा मानापानासाठीच जास्त.

सुताराने मला रोहिड्याच्या बुंध्यातून कोरलं, तेव्हापासून सहा ठाकूर पाहिले. लग्न असो की भांडण मिटवणं, ठाकुराने घोटलेल्या अफूचं पाणी तळहातावर घ्यायचं, चार थेंब शिंपडून पूर्वजांची नावं घ्यायची आणि समोरच्याने त्याच तळहातावरून प्यायचं. प्यायला की वैर संपलं. भाटांच्या आधी मला वंशावळ पाठ झाली ती अशी.

पहिला मान मात्र धाकट्या भावाचा. मूळ पुरुषाच्या धाकट्या भावाने गादीवरचा हक्क सोडला होता, म्हणून.

मुलीच्या लग्नाच्या धांदलीत ठाकूर कल्याणसिंहांनी नेमका व्याह्यांपुढे आधी हात केला. धाकटे भोमसिंह न पिताच उठले, उंटावर बसले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्यांची गढी विहिरीपलीकडेच, संध्याकाळी दिवे दिसायचे. मला फार वाईट वाटायचं.

पुढे अफूवर बंदी आली, मी कोनाड्यात जाळ्याजळमटांत पडलो. गढीचं हॉटेल झालं. पाहुण्यांना दाखवायला मला काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. म्हातारे ठाकूर खाटेवरून एकच घोकत होते, भोमा माझ्या हातचं प्यायल्याशिवाय मी जायचा नाही.

शेवटी सून उमरावकंवर स्वतः बोलावणं घेऊन गेली. भोमसिंह काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, "व्याही तर नाहीत ना आत?"

सुनेने माझ्यात गूळ-केशर घोटलं. ठाकुरांचा हात इतका थरथरत होता की भावाच्या तोंडाशी पोचेपर्यंत सगळं सांडलं.

"भोमा, हातात काही उरलं नाही रे," ते ओशाळून म्हणाले.

"भाईसा, आज पूर्वजांना जरा जास्त गेलं, एवढंच." भोमसिंहांनी तो ओला तळहात दोन्ही हातांनी धरला आणि ओठांना लावला.

ठाकूर आठवडाभरात गेले. मी आता काचेआड आहे. तळाशी तो गूळ वाळलाय, फटीतून मुंग्या येतात, हॉटेलचे नोकर कुरकुरतात. बाबांनो, कपाट हवं तितकं पुसा. मला तेवढं धुवू नका.