कमलीबाईचा समुद्र

“पाण्याले काठ नाई तं ते थांबते कसं, सेठजी?” कमलीबाईनं विचारलं. उत्तमचंद सेठांनी कपाळाला हात लावला.

समोर पाच वार रेशीम पसरलेलं. सेठजींनी ते मुंबईहून छापून आणवलं होतं. निळ्या लाटा, शिडाची होडी, एका अंगाला माड. त्यावर मणी जडवायचं काम मानोऱ्याकडच्या तांड्यातल्या कमलीबाईचं. त्या कामात तिचा हात धरणारं वाशीमच्या बाजारात कोणी नव्हतं. पण बाईनं लाटांच्या चारी बाजूंनी हिरव्या मण्यांचा जाड बांध घातला होता, तलावाला असतो तसा. तीन महिने खपून.

“अवं, समुद्र हाय तो. त्याचा पल्याडचा काठ दिसत नाई. उसव सगळं.”

“तुमी पाह्यला?”

“पाह्यला म्हणून तं सांगून राह्यलो.”

ती माझ्याकडे वळली. मी दुकानात कापड मोजणारा, अकोल्यापुढे कधी गेलो नव्हतो. मी काय डोंबल सांगणार?

“मंग मलेबी दाखवा,” ती म्हणाली. “डोयानं पाह्यल्याबिगर मी उसवत नाई.”

सेठजी लगेच मऊ झाले. दिवाळीनंतर मुंबईत हातकामाचं प्रदर्शन होतं. कारागिणीनं तिथं लोकांसमोर बसून मणी जडवायचे होते. “तूच बसशीन तिथं. समुद्र दाखवतो तुले. जबान देतो.”

त्या शब्दावर बाईनं सगळा बांध उसवला. रेशमाला भोक पडू न देता टाका काढायचा म्हणजे जडवण्यापेक्षा वाईट काम. मग लाटा कडेपर्यंत पुन्हा भरल्या. दिवाळीत कापड घेऊन आली तेव्हा डोळे लालबुंद. एक मणी सुटला होता, तो लावायला सुई ओवू लागली. तीनदा दोरा चुकला. चौथ्यांदा मीच ओवून दिला, सेठजींच्या देखत. कुठून ती दुर्बुद्धी सुचली मला!

निघायच्या दिवशी ती ठेवणीतला, आरशांचा घागरा घालून, भाकरी बांधून आली.

सेठजी म्हणाले, “लोकायसमोर सुई नाई ओवल्या गेली तं इज्जत जाईन, कमली. आमची सून जाते. दोन टाके येतात तिले. तुहा घागरा तेवढा दे. तिथं लमाणीणच पाह्यजे म्हनतात.”

कमलीबाईनं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. मग आत गेली आणि सुनेचं, जतनबाईचं, जुनं लुगडं नेसून बाहेर आली. मी मापाच्या गजाकडे बघत बसलो. नोकरी होती ना. शेण खाल्लं मी, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी ती घागरा न्यायला आली. जतनबाईनं धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

“कसा हाय वं समुद्र?”

“कुठचा समुद्र, बाई. दिवसभर त्या मंडपात बसून कंबर मोडली. रात्रीच्या गाडीनं वापस. जवळच होता म्हनतात.”

कमलीबाईनं घागरा उलगडला, घेरावरून हात फिरवला.

“मले नाई नेलं तं नाई,” ती म्हणाली. “याले तरी न्यायचं होतं पान्यापाशी.”

घागरा बगलेत धरून ती मोटारस्टँडकडे निघाली. सेठजींनी छापील रेशमाचा नवा गठ्ठा माझ्या हातात दिला.

“पळ, गाठ तिले. मकरसंक्रांतीपर्यंत पाह्यजे म्हन.”

आणि मी पळालो.