रंगाखालची पट्टी

मित्रांनो, भंगाराच्या आवारात गंजक्या पिंपांशेजारी चाकांविना उभा असलेला मी एक जुना पिकअप ट्रक आहे. हसू नका, एके काळी माझाही तोरा होता.

कारखान्यात माझ्या दाराच्या चौकटीवर धातूची एक छोटी पट्टी ठोकली होती. मी किती ओझे वाहू शकतो, मला कोणत्या मापाचे टायर लागतात, त्यांत किती हवा भरायची, हे सारे तिच्यावर कोरलेले होते. मला त्या पट्टीचा कोण अभिमान!

माझा मालक घरोघरी फरश्या पोचवी. त्याची बायको शेजारी बसे. पत्ते विचारणे आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणे तिच्याकडे होते. पट्टी वाचायची मालकाला कधी गरज पडली नाही. फरश्या चढवून झाल्या की तो मागचा टायर आणि त्यावरचा मडगार्ड यांच्या फटीत चार बोटे आडवी घाली. बोटे शिरली की निघायचे, अडली की काही फरश्या उतरवायच्या. युक्ती त्याची स्वतःची होती आणि ती अगदी बरोबर होती. त्याने मला कधी कंबर मोडेपर्यंत राबवले नाही.

पुढे त्याने मला हौसेने निळा रंग दिला. रंगाऱ्याने पट्टीवरूनही हात फिरवला. मालकीण माझ्याभोवती फिरून फिरून बघत होती. मी असा फुशारलो की पट्टी झाकली गेल्याचे मलाही काही वाटले नाही.

मग टायर गुळगुळीत झाले. माझ्या मापाचे जाड टायर दुकानदाराला बाहेरून मागवावे लागणार होते. मोटारीचे जरा लहान टायर मात्र तयार होते आणि माझ्या चाकांवर बसतही होते. पण त्यांना फार वजन पेलायचे नाही, असे दुकानदाराने बजावले आणि पट्टीवर काय लिहिले आहे ते विचारले. पट्टीवर तर नुसता निळा रंग.

"खरवडून बघू या ना," मालकीण म्हणाली. "किल्लीनं निघेल."

"नवा रंग आहे गं. आणि माझी बोटं आहेत की."

तिने पुन्हा एकदा सांगून पाहिले. त्याने कानाडोळा केला आणि लहान टायर बसवून घेतले.

टायर लहान झाल्यावर फट आपोआप वाढली. आता कितीही फरश्या चढवा, चार बोटे सहज शिरायची. मालक खूश झाला. म्हातारा अजून दणकट आहे, असे तो चारचौघांत सांगू लागला. माझा जीव घुसमटत होता, पण मला कुठे तोंड आहे?

एका दुपारी उतारावर मागचा टायर फुटला. मी कडेच्या भिंतीवर आदळलो, तेही नेमका तिच्या बाजूने. मालक खरचटण्यावर निभावला. ती दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. अजूनही तिच्या बाजूचे चेपलेले दार मला बघवत नाही.

काल मालक इथे आला होता. खूप वाळला आहे. त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि चौकटीवरचा रंग खरवडला. रंग लगेच निघाला. त्याने टायरचे माप वाचले, ओझ्याचा आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"एवढंच तर सांगत होती," तो म्हणाला.

जाताना सवयीने त्याचा हात मडगार्डखाली गेला. बोटे आडवी करून तो तसाच उभा राहिला. खाली चाकच नव्हते.

मित्रांनो, मला उद्या तोडतील, त्याचे मला दुःख नाही. तुमच्या घरच्या गाडीवरही अशी पट्टी असेल, ती पुसून ठेवा आणि वाचा. आणि शेजारी बसलेले माणूस काही सांगत असेल, तर गाडी सुरू करण्याआधी त्याचे ऐका.