जिथे कंपायलर ओरडला नाही

केतनने सकाळपासून अठ्ठाविसाव्यांदा एका ओळीच्या शेवटी ‘बरोबर शून्य’ लिहिलं आणि खुर्ची मागे ढकलून उठला. पडवीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला.

“काय हरवलाय रं तुजा?” पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या कोकिळाबाईंनी विचारलं. “बसतोस न्हाय तवर उटतोस.”

“हरवलं काही नाही, आई. कंपायलरला गप्प करतोय.”

“त्यो कोन?”

“आपण लिहिलेला प्रोग्रॅम तो मशीनला कळेल असा करून देतो. आणि वाचता वाचता उगाच कुरकुरतो.”

“तुज्या बापासारकाच की मग.” त्यांनी एक खडा अंगणात भिरकावला. “पन त्यांच्या धा कुरकुरींतली एक तरी खरी निगायची.”

केतन म्हसळ्यातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. मासळीच्या शीतखोल्यांचं तापमान सांभाळणारी पेटी कंपनी बनवायची, आणि त्या पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, केतनच्या हाताखालून जायचा. कंपनीने नवा कंपायलर आणला आणि त्याने पहिल्याच दिवशी चौतीस ठिकाणी बोट ठेवलं: इथे किंमत, म्हणजे आकडा, भरायच्या आधीच तुम्ही ती वापराल, असं दिसतंय. चौतीसही इशारे खोटे होते. किंमत आधी भरली जातच होती, कंपायलरला तेवढं लांबचं दिसत नव्हतं. त्यावर धंद्यातला सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे सुरुवातीलाच शून्य लिहून टाकायचं. तक्रार बंद. पाच वाजेपर्यंत सगळे चौतीस बंद झाले, तर सोमवारी टीमचा प्रमुख कोण, हे पुण्यातल्या वरिष्ठाला, परेशला, दोनदा विचार करून ठरवावं लागणार नव्हतं.

तीन वाजता मृणालचा फोन आला. टीममधली, तळा गावची पोरगी, नोकरीला आठ महिने झालेली; स्वल्पविरामासाठी तासभर अडून बसणारी.

“सर, तापमान वाचायच्या भागात एकही इशारा नाहीये.”

“मग पेढे वाट.”

“तसं नाही सर. तिथे कोणीतरी आधीच शून्य लिहून ठेवलंय. सेन्सरची वायर निघाली तर किंमत येतच नाही, आणि तेच शून्य पुढे जातं.”

केतन येरझारा घालायचा थांबला.

“कोणी लिहिलंय, बघितलंस?”

“जुने बदल तुम्हीच बघा ना सर,” ती म्हणाली. “तुम्हाला पटकन सापडेल.”

मासळीच्या खोलीत शून्य अंश म्हणजे सगळं झकास. वायर तुटून खोली भट्टीसारखी तापली, तरी पेटी झकासच सांगणार. दुसरा कुठलाही भलता आकडा असता, तर बघणारा दचकला तरी असता.

जुना बदल खरंच पटकन सापडला. तीन वर्षांपूर्वीचा. शीर्षक: ‘खोटा इशारा गप्प केला’. खाली नाव केतनचं. त्या दिवशी असे एकवीस इशारे गप्प केले, म्हणून परेशने भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली होती.

दुरुस्ती चार ओळींची होती. आजच्या गर्दीत ती गुपचूप घुसवता आली असती. पण कर्नलवाल्यांचा एक रिवाज असतो: चूक सुधारली की खाली लिहायचं, ती कोणत्या जुन्या बदलाने केली. ती ओळ बघूनच दुरुस्ती विकलेल्या पेट्यांना पाठवली जायची. ओळ नसली तर ती फक्त नव्या पेट्यांत. आणि किनाऱ्यावर एकेचाळीस खोल्यांत जुन्याच पेट्या लागल्या होत्या.

परेशचा फोन आला. “केत्या, किती राहिले?”

“सहा.”

“वा रे पठ्ठ्या! सोमवारी शर्ट इस्त्रीचा घाल.”

“एक जुनं काहीतरी सापडलंय, परेश.”

“जुन्याला हात लावू नको रे, राजा. आज पाटी कोरी पाहिजे.”

केतनने ती ओळ लिहिली आणि पुसली. परसात जाऊन विनाकारण बादली भरून ठेवली. आला, लिहिली, पुन्हा पुसली. पावणेपाचला त्याने तिसऱ्यांदा लिहिली: जुन्या बदलाचा क्रमांक, पुढे शीर्षक, जसंच्या तसं. ‘खोटा’ या शब्दावर बोट क्षणभर अडखळलं. मग, एकवीसपैकी उरलेले वीस पुन्हा तपासावे लागतील, आजचे अठ्ठावीसही, असं खाली जोडून त्याने तो बदल नियमाप्रमाणे तपासणीला मृणालकडे पाठवला.

चाळीस सेकंदांत उत्तर आलं: ‘पाहिलं. बरोबर आहे.’

चाळीस सेकंदांत मृणाल पहिली ओळसुद्धा वाचून संपवत नसे. उत्तराला एक अहवाल जोडलेला होता. सेन्सरची वायर उपटून, पेटी काय दाखवते ते तिने स्वतः करून बघितलेलं. वर केतनच्या तीन वर्षांपूर्वीच्या बदलाचा क्रमांक, आणि चाचणीची वेळ: आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे तीनच्या फोनआधीच तिला नाव ठाऊक होतं.

टेबलावर परेशचं नाव थरथरू लागलं. केतनने ते थरथरू दिलं. थांबल्यावर मृणालला फोन लावला, आणि ती “बोला सर” म्हणाली तेव्हा विचारलं, “उरलेल्या वीसांतला पहिला कुठला घेऊया?”