भिवाजीच्या नावाची बाटली

तारनाक्याच्या त्या दोन खोल्यांत गेले सात महिने रोज सकाळी चहाची दोन पातेली चढत होती. मोठं सखूचं आणि तिची लेक सुमेधा हिचं, साखर घातलेलं. छोटं नवऱ्याचं, भिवाजीचं, बिनसाखरेचं. त्याला शुगर निघाली म्हटल्यावर सखूनं घर डोक्यावर घेतलं होतं. जिलेबी बंद, भात अर्धा, आणि संध्याकाळी त्याला दामटून फिरायला न्यायचं. तो मुकाट ऐकायचा. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस असा मुकाट कधी ऐकत नव्हता. पण चांगलं वागणाऱ्यावर संशय घ्यायची सखूला सवयच नव्हती, तिथंच बिचारी फसली.

सुरुवात झाली ती उन्हाळ्यात. एका सकाळी सुमेधाला संडासाच्या भांड्यात लालसर पाणी दिसलं. तिच्याआधी आत पप्पाच गेले होते.

"काल बीट खाल्लं ना," हातातली सिगरेट विझवत भिवाजी म्हणाला.

बीट खाल्लं होतं, खोटं नाही. पण आठवड्यानं पुन्हा तेच, आणि त्या आठवड्यात घरात बीट आलंच नव्हतं.

"दुखतंय का?" सखूनं विचारलं.

"कायच दुखत नाही. गर्मी हाय अंगात. आज तर लघवी साफ झाली."

दुखत नाही आणि आपोआप थांबलंय, एवढ्यावर सखू गप्प बसली असती. सुमेधा कुठली बसते! "लॅबमधी काम करता, आणि स्वतःचं तपासायला काय होतंय, पप्पा?"

भिवाजी जवळच्याच एका खासगी लॅबमध्ये अटेंडंट होता. बावीस वर्षं लोकांच्या रक्ता-लघवीच्या बाटल्या उचलायच्या, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि रिपोर्ट वाटायचे, हे त्याचं काम. लेकीच्या तोंडाला कंटाळून दुसऱ्या दिवशी त्यानं दोन रिकाम्या बाटल्या घरी आणल्या. "स्टाफच्या घरच्यांचं पण करून देऊ लागलेत. तू पण दे, सखू."

सखूनं लाजत लाजत दिली. संध्याकाळी रिपोर्ट आला, वर भिवाजीचं नाव. रक्त नाही, साखर मात्र भरपूर.

"अन् माझा?"

"तुझं सगळं चांगलं हाय. कागद काय करायचाय?"

तिला ते पटलं. त्याचा कागद तिनं घडी घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला. पुढं दोनदा पुन्हा लाल दिसलं, तेव्हा तिनंच लेकीला गप्प केलं. तपासलंय की यांचं, रक्त नाही म्हणून लिहिलंय.

त्याच महिन्यांत सखूची तहान वाढली. जामबागच्या एका शाळेत ती आया होती. वर्गातल्या पोरांआधी तिचीच पाण्याची बाटली रिकामी व्हायची. टाचेची भेग महिना झाला तरी भरेना. वयाचं असेल, म्हणून तिनं वर हळद दाबली आणि त्याच्याच पथ्याकडे लक्ष दिलं.

मग मंगळवारी पहाटे भिवाजीची लघवीच अडली. पोट टम्म फुगलं, घाम फुटला. दवाखान्यात नळी घातली तेव्हा तिच्यातून रक्ताच्या गाठी आल्या. दुपारपर्यंत सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं. डॉक्टर मॅडमनी सखूला बोलावलं. ती घाईत निघतानाही तसबिरीमागचा कागद घेऊन आली होती. तो तिनं पुढं केला.

"देखो मॅडम, पहले सब साफ था. खाली शुगर थी."

मॅडमनी तो कागद वाचला, मग आजचा वाचला. "अम्मा, इनको शुगर हैच नहीं. तीन महीने का हिसाब भी नॉर्मल है. गोली कौनसी लेते?"

"गोली नक्को बोले. चाय में शक्कर बंद किए बस."

"इत्ती शक्कर चाय छोड़ने से नहीं जाती. ये पेशाब इनका नहीं है."

पुढचं मॅडम बोलल्या ते सखूला अर्धंच ऐकू आलं. मूत्राशयात गाठ आहे. परवा दुर्बिणीनं खरवडून काढायची, मग किती खोल गेली ते कळेल. "दर्द नहीं था बोलके चुप बैठे? बिना दर्द का खून ज्यादा देखना पड़ता. एक बार भी दिखा, अपने-आप रुक गया, तो भी आना था. सिगरेट पीने वाले को तो उसी दिन." उन्हाळ्यात आले असते तर गाठ लहान असती, असंही त्या म्हणाल्या.

दोन बाटल्या गेल्या होत्या आणि कागद एकच आला होता.  सखू भिवाजीच्या खाटेजवळ गेली.

"तुमची बाटली कुठं गेली?"

भिवाजीनं डोळे मिटले. "ओतून दिली. तुझ्या बाटलीवर माझी चिठ्ठी लावली."

"का?"

"बावीस वर्षं लाल बाटल्या उचलल्या, सखू. त्यातली काही माणसं पुन्हा आलीच नाहीत. मला ते कागदावर बघायचं नव्हतं."

ही भीती सखूला कळली. माणूस भितो, त्याचा राग किती धरायचा? पण तिचं मन एका जागी अडकलं होतं, तिथून ते हलेना.

"म्हणजे साखर माझी. तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"हौ." तो पुटपुटला, "सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून तर तुझ्यासंगं रोज फिरायला येत होतो. तुझा भात कमी व्हावा म्हणून मी पण..."

"अन् चहा?" सखूनं विचारलं. "रोज समोर बसून बघत होता ना? माझ्या कपात दोन दोन चमचे पडताना?"

 वैऱ्यानं केलं असतं तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. ज्याच्या पथ्यासाठी ती जिवाचं रान करत होती, त्यानंच केसानं गळा कापला होता. ती तिथंच, बाकीचे पेशंट बघत असताना, मोठ्यानं रडली.

मागून आलेल्या मॅडमनी नर्सला खूण केली. नर्सनं सखूच्या बोटाला टोचलं. मशीनवर आकडा आला तीनशे बारा.

तेवढ्यात सुमेधा कँटीनमधून आली. दोन हातांत दोन कप. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. "पप्पा, मॅडम बोलल्या चहा चालतो. हा तुमचा, बिनसाखरेचा. मम्मी, हा तुझा."

सखूनं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या हातात जाणारा कप मधेच धरला.

"हा माझा हाय," ती म्हणाली. "सात महिन्यांपासून माझाच होता." साखरेचा कप तिनं भिवाजीच्या हातात दिला. "तुम्ही हा प्या."

 भिवाजी कप तोंडाला लावेना.

"प्या म्हणते ना," सखू म्हणाली. "मी बसलेय समोर, बघत."