पाऊलमहाराजांचा चौरंग

मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत, चपला काढून आलेल्या बायका लंगडत होत्या. बहुतेक सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. सपाट पायाला कमान आणून लक्ष्मीचं पाऊल उमटवणारे पाऊलमहाराज आले होते ना! नव्या सुनेच्या कुंकवाच्या पावलावरून घराची बरकत ठरवणारी आमची माणसं. तो पाय दुखतो का, हे तिला कोण विचारतो? महाराजांनी हेच बरोबर हेरलं होतं.

मी शशिधर, शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या गर्दीत मी पाऊलही टाकलं नसतं, पण माझी थोरली बहीण बसव्वा, माझी आक्का, तिथं रोज जात होती. तिच्या उजव्या घोट्याला आतल्या बाजूनं वर्षभर सूज होती. तळवा सपाट होऊन टाच बाहेर झुकली होती. डॉक्टर दानेश्वरींनी बुटात घालायचा आधार दिला आणि पायाला विश्रांती द्या म्हणून बजावलं. महाराजांनी तो आधार काढायला लावला आणि देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालायला सांगितलं. महिन्याभरात आक्का भिंत धरून चालायला लागली.

"बरा हुतोय म्हणूनच दुखतोय पाय, तम्मा," असं वर मलाच, धाकट्या भावाला, समजवायची. माझं डोकं फिरलं. मी डॉक्टरीणबाईंनाच घेऊन कार्यालयात गेलो.

आक्काचीच पाळी होती. महाराजांनी तिचा पाय परातीतल्या ओल्या कुंकवात बुडवून तिला पांढऱ्या कापडावर उभं केलं. अख्खा तळवा उमटला. मध्ये बोटभरही जागा कोरी नव्हती.

"बघा, बघा! धरणीनं पाय गिळलाय हिचा!" महाराज गरजले. "असल्या पायामागं लक्ष्मी घरात टिकंल कशी?"

मग आक्काला चौरंगावर, म्हणजे म्हणे देवीच्या मांडीवर, बसवलं. मंत्र सुरू झाला. त्यात थोडं संस्कृत होतं, थोडं कानडी होतं आणि बरंचसं नुसतंच पुटपुटणं होतं. शेवटी पाय पुन्हा कुंकवात बुडवून शिष्यानं नवं कापड अलगद तळव्याखाली सरकवलं. उचलून दाखवलं तर टाच लाल, चवडा लाल आणि मध्ये सुरेख पांढरी कमान! बायकांनी हात जोडले. आक्काच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. मला तिची कीव आली आणि त्या माणसाचा भयंकर राग आला.

"महाराज, आता बाईंना उभं करून एक ठसा घ्या की," डॉक्टर म्हणाल्या.

"लगेच भार द्यायचा न्हाय! शक्ती कच्ची असती."

"आणि अनवाणी प्रदक्षिणा घालताना भार पडत नाही?"

महाराजांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात रांगेतली धोंडुबाई पुढं आली. ही पेठेतली भाजीवाली, दिवसभर उभं राहून हिचाही पाय तसाच बसलेला.

"मला बसवा की. मंत्र नको, गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणत तिनं चौरंगावर बैठक मारली, पाय स्वतःच कुंकवात बुडवला आणि कापडावर टेकवला. कमान उमटली!

"अगं बया! मंत्राबिगर आली की वं लक्ष्मी!"

ती उभी राहिली, पाय टेकवला. सपाट. परत बसली. कमान.

"बसलं की येती, उठलं की जाती! लक्ष्मी हाय का मांजर?" धोंडुबाई ओरडली आणि अख्खं कार्यालय खो खो हसलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. पोटरीतून एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, घोट्याच्या आतल्या बाजूनं तळव्यात उतरते आणि पायाची कमान तोलून धरते. चाळिशीनंतर बायकांमध्ये ती झिजण्याचं प्रमाण जास्त. झिजली की उभं राहिल्यावर वजनानं कमान खाली बसते. बसल्यावर वजन उतरतं, म्हणून कमान परत दिसते. कंडरा मात्र तशीच फाटकी राहते.

"श्रद्धा कमी पडली तुमची!" महाराज किंचाळले.

"कमी?" आक्का उसळली. "रडत रडत फिरले की रं मी, अनवाणी!"

परात तिथंच टाकून महाराज शिष्यासह मागच्या दारानं पसार झाले.

डॉक्टरांनी आक्काचे हात धरले आणि नुसत्या उजव्या पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं. कंडरा शाबूत असेल तरच ती उचलते. आक्कानं ओठ दाबून जोर लावला. टाच तसूभरही हलली नाही.

"फिरले नसते तर?" तिनं विचारलं.

"बुटातल्या आधारावर बहुतेक भागलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय."

आक्का चौरंगावर मटकन खाली बसली.

बायांनो, महाराज पळाला, उद्या दुसऱ्या पेठेत दुसरा येईल. त्याला एवढंच म्हणा, हाच चमत्कार उभ्यानं करून दाखव. आणि बाप्यांनो, तुमच्या घरातली बाई लंगडत असेल, तर तिच्या पावलात लक्ष्मी शोधण्याआधी तिला दवाखान्यात न्या. माझ्या आक्काला परत न्यायला मी महिनाभर उशीर केला.