टोकन नंबर एकेचाळीस

शाळेचं फाटक सात वीसला बंद होई. दहावीतल्या त्या मुलीची आई रुग्णालयातली रात्रपाळीची साफसफाई आटोपून पावणेआठला परते. मधली पंचवीस मिनिटं मुलीच्या सात महिन्यांच्या बाळाने आपलं आपण बघावं, अशी शाळेची माफक अपेक्षा होती.

तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी. तिच्या नावावर दोन उशीर चढले होते. तिसरा चढला की हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली, आणि शनिवारी परीक्षेचा अर्ज मिळणार नव्हता. बाळाचा बाप शेजारच्या तुकडीत होता. हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के. नियमितपणाबद्दल त्याचा सत्कारही झाला होता.

सोमवारी सात अठराला ती बाळाला कडेवर घेऊनच आली. खिडकीत कारकून होता; मुलं त्याला ‘नियमावली’ म्हणत.

“हे आत चालणार नाही.”

“कुठल्या नियमाने, सर?”

त्याने भिंतीवरचा फलक वाचला. वर्गात मनाई: मोबाइल, खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी. बाळ नव्हतं.

“मोबाइल जमा करून घेता, तसं हिला घ्या. पावणेआठला आई नेईल.”

“अगं, ही काय वस्तू आहे?”

“नाही ना? मग वर्गात नेते.”

त्याने बाळ आत घेतलं आणि मोबाइलसाठीचं टोकन तिला दिलं. एकेचाळीस नंबर.

पावणेआठला आजी हजर झाली. “द्या इकडे.”

“टोकन?”

“ते लेकीकडे. अहो, नात आहे माझी! नाक बघा, माझंच आहे.”

“नाकावर देत नाही, मावशी. टोकनवर देतो.”

टोकन आणायला तो स्वतःच बाळासकट वर्गापर्यंत गेला. विज्ञानाच्या बाईंनी दारातच अडवलं. “तास चालू असताना विद्यार्थ्याला बाहेर बोलावता येत नाही. परिपत्रक तुम्हीच फिरवलंत.”

घंटेला वीस मिनिटं होती. नियमावली व्हरांड्यात उभी राहिली.

“हलवत राहा,” आजी म्हणाली, “थांबलात की भोकाड पसरेल.”

तो हलवत राहिला. बाराव्या मिनिटाला त्याची बाही कोपरापर्यंत ओली झाली. आत, पहिल्या बाकावर, ती पाठ्यपुस्तकात तोंड खुपसून बसली होती. अभ्यासात इतकी गढलेली ती यापूर्वी कुणाला दिसली नव्हती.

मंगळवारी आजीसाठी त्याच नंबरचं दुसरं टोकन निघालं. शनिवारी कारकुनाने तिची हजेरी मोजली: पंच्याहत्तर पूर्णांक दोन दशांश टक्के. पुन्हा मोजली. तेवढीच भरली. अर्ज पुढे सरकवत तो म्हणाला, “सोमवारी लंगोट जास्तीचा पाठव.”